वेदना कोणाची? पोथी, दर्गा आणि केसपेपर

१

'वेदना' हा शब्द 'विद्' म्हणजे जाणणे या धातूपासून आला आहे. 'निवेदन' हा शब्दही त्याच धातूचा. जाणीव होणे आणि ती दुसऱ्यास जाणवून देणे या दोन क्रिया शब्दकुळाच्या दृष्टीने एकमेकींच्या इतक्या जवळ असल्या, तरी प्रत्यक्ष व्यवहारात त्यांच्यामध्ये एक ऐकणारा उभा असतो. त्याने ऐकले नाही तर वेदना निवेदनापर्यंत पोहोचत नाही. ज्याला समाजाने 'वेडा' किंवा अलीकडच्या सभ्य परिभाषेत 'मनोरुग्ण' ठरवले आहे, त्याच्या बाबतीत हे अंतर सर्वांत अधिक असते. त्याचे डोके, पोट किंवा पाय दुखतो तेव्हा त्याच्या तोंडून निघालेले वाक्य भाषेच्या दृष्टीने इतर कोणाच्याही वाक्यासारखेच असते. मात्र त्या वाक्याची गणना निवेदनात न होता लक्षणात होते.

मनोविकारासाठी रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाची शारीरिक वेदना हा विषय वैद्यकाचा आहे, साहित्यसमीक्षेचा नव्हे, असा आक्षेप येथे घेतला जाणे स्वाभाविक आहे. परंतु एखादे विधान कोणत्या संकेतव्यवस्थेत वाचले जाते, त्याचा कर्ता कोण मानला जातो आणि त्याला विश्वसनीयता कोण बहाल करतो, हे प्रश्न मूलतः वाचनाचे आहेत. या प्रश्नांची तीन भिन्न उत्तरे बुलढाणा या एकाच जिल्ह्याच्या परिसरात एकमेकांशेजारी नांदताना दिसतात. घाटाखाली शेगाव आहे व तेथील संतचरित्राची पोथी घरोघरी वाचली जाते. घाटावर पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. तिसरे उत्तर आहे सरकारी रुग्णालयाच्या केसपेपरचे. हा केसपेपर जिल्ह्याच्या ठिकाणी सुरू होतो आणि आजार बळावल्यास रुग्णाबरोबर नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयापर्यंत जातो. या तिन्ही ठिकाणी वेड्याच्या शरीराचे वाचन होते. त्या वाचनात वेदनेचे स्वामित्व कोणाकडे जाते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

२

आरंभी मराठी वाक्यरचनेकडे लक्ष द्यावे लागेल. 'माझे डोके दुखते' या वाक्यात क्रियापद डोक्याशी सुसंगत आहे. 'मी' षष्ठीत मागे सरला आहे. 'पोटात दुखते' या वाक्यात तर कर्ताच नाही. 'मला कळ येते' येथे 'मी' चतुर्थीत आहे. कळ ही कोठून तरी येते आणि 'मी' हे तिचे केवळ पोहोचण्याचे ठिकाण ठरते. हेच 'येणे' मराठीत ताप, घेरी आणि झीट यांना चालते. पूर्वी देवी येत असत. आणि याच क्रियापदाने 'अंगात येते'. वेदना आणि संचार यांच्यासाठी भाषेने एकच व्याकरण राखून ठेवले आहे ही गोष्ट लक्षणीय आहे. वेदनेला प्रथमेतील स्वामी नसल्यामुळे तिचे स्वामित्व दुसऱ्याकडे सोपवण्याची मुभा या व्याकरणात अंगभूतच आहे. व्याकरणावरून संस्कृतीचे निष्कर्ष काढण्यातला धोका उघड आहे. 'मला कळ येते' म्हणणारा प्रत्येकजण कळ परकी मानतो असे नव्हे. तथापि ही वाट भाषेत आधीपासून तयार आहे, आणि प्रसंग आला की समाज तिचा वापर करतो, एवढे निश्चित म्हणता येईल.

दुखण्याचे प्रकार सांगणारी मराठीची शब्दसंपत्तीही उपेक्षणीय नाही. ठणका, ठसठस, चमक, शूल, सल, उसण, भगभग, वळ, पेटका, मुंग्या यांतील प्रत्येक शब्द शरीरातील एका विशिष्ट घडामोडीकडे बोट दाखवतो. वेदनेपुढे भाषा लंगडी पडते हे मत पाश्चात्त्य समीक्षेत दृढ आहे. व्हर्जिनिया वुल्फने १९२६ मध्ये आजारपणावरील आपल्या निबंधात इंग्रजीच्या या दारिद्र्याची तक्रार केली. एलेन स्कॅरी यांनी 'द बॉडी इन पेन' (१९८५) या ग्रंथात तिला सिद्धान्ताचे रूप दिले. स्कॅरी यांच्या मते तीव्र वेदना भाषेचा नुसता प्रतिकारच करीत नाही, तिला उद्ध्वस्त करते. ज्याला वेदना होते त्याच्यासाठी ती निश्चिततेचा नमुना असते, आणि जो तिच्याविषयी ऐकतो त्याच्यासाठी संशयाचा. हे निरीक्षण मार्मिक आहे. मात्र त्यात एक गृहीतक दडलेले आहे: वेदनेपूर्वी तो माणूस बोलत होता आणि त्याचे बोलणे ग्राह्य धरले जात होते, हे ते गृहीतक होय. मनोरुग्णाच्या बाबतीत भाषा शाबूत असूनही ग्राह्यता आधीच हिरावलेली असते. म्हणून त्याच्या संदर्भात वेदनेच्या अनिर्वचनीयतेपेक्षा ऐकण्याच्या व्यवस्थेचा विचार अगोदर करावा लागतो. मिरांडा फ्रिकर यांनी २००७ मध्ये ज्याला साक्षीच्या पातळीवरील अन्याय म्हटले, म्हणजे पूर्वग्रहामुळे वक्त्याच्या शब्दाला कमी विश्वास मिळणे, त्याचे याहून उघड उदाहरण सापडणे कठीण आहे.

३

दासगणूंनी १९३९ मध्ये रचलेला 'श्रीगजानन विजय' हा एकवीस अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ प्रथम घेऊ. १८७८ च्या फेब्रुवारीत शेगावात प्रकट झालेला एक दिगंबर तरुण उष्ट्या पत्रावळींवरील शिते वेचून खातो, हा त्यातील प्रारंभप्रसंग आहे. बंकटलाल आणि दामोदरपंत हे दोघे त्याला पाहतात. तो वेडा की सिद्ध, ही शंका कथनाच्या मुळाशी आहे, आणि पुढील प्रसंगांतून तिचे निरसन कसे होते यावर चरित्राची बांधणी उभी आहे. हे निरसन अनेकदा शरीरवेदनेच्या कसोटीवर होते, याकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. मक्याची कणसे भाजताना धुराने उठलेल्या मधमाश्या सर्वांना पळवून लावतात, पण महाराज स्थिर बसतात. अंगात रुतलेले काटे काढण्यासाठी चिमटा आणला जातो, तेव्हा श्वासाच्या निरोधाने काटे आपोआप वर येतात. पाटलांची मुले त्यांना उसाने झोडपतात आणि ते डगमगत नाहीत. पेटलेल्या पलंगावर ते बसून राहतात. या तिन्ही प्रसंगांत पाहणाऱ्यांना अपेक्षित असलेली वेदनेची अभिव्यक्ती होत नाही आणि तिचा अभाव हाच अर्थाचा वाहक ठरतो. वेडेपण गळून पडते आणि सिद्धत्व प्रकटते.

ही रचना मराठीत नवी नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी संकलित केलेल्या रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंच्या लीळांतही लोक ज्याला वेडा समजतात तोच परमेश्वर आहे, ही द्विस्तरीय दृष्टी कथनाचे सूत्र आहे. तथापि तेथे प्रभूंचे वागणे लहरी, खेळकर आणि कित्येकदा अनाकलनीय राहते. त्याचा उलगडा करण्याची घाई म्हाइंभटांना नाही. दासगणूंच्या कथनात मात्र प्रत्येक प्रसंगाचा अर्थ लावून दाखवला जातो. न विव्हळणारे शरीर हे तेथे एक वाचता येणारे चिन्ह झाले आहे.

श्रद्धेच्या अंगाने या चिन्हाचे मूल्य वादातीत आहे आणि त्याची चिकित्सा हा येथे हेतू नाही. प्रश्न आहे तो या वाचनपद्धतीच्या सामाजिक संस्काराचा. वेड्यासारख्या दिसणाऱ्या माणसाला मान द्यावा, त्याला धुतकारू नये, ही शिकवण या पोथीने पिढ्यान्पिढ्या दिली आणि ती मोलाची आहे. परंतु सिद्धाच्या बाबतीत वेदनातीतता जेव्हा महत्त्वाची खूण ठरते, तेव्हा जो सिद्ध नाही, नुसताच आजारी आहे, आणि तरीही ओरडत नाही, त्याच्या मौनासाठी या परंपरेत अर्थ शिल्लक राहत नाही. त्याला दुखतच नसावे असा समज करून घेणे सोपे जाते.

या समजाला आधुनिक मनोवैद्यकातही जोड मिळाली, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे. क्रेपेलिन आणि ब्लॉयलर या दोघांनीही स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत वेदनेविषयी दिसणाऱ्या उदासीनतेची नोंद केली होती. पोटातील व्रण फुटला किंवा आंत्रपुच्छ पिकले तरी असे रुग्ण तक्रार करीत नाहीत, अशी वृत्ते वैद्यकीय वाङ्मयात नंतरही येत राहिली. मात्र १९९४ मधील एका फ्रेंच अभ्यासात वेदनेला पायाच्या स्नायूंतून मिळणारा अनैच्छिक प्रतिसाद मोजला गेला, तेव्हा तो रुग्णांत आणि इतरांत सारखाच आढळला. शरीर वेदना नोंदवत होते. फरक होता तो ती व्यक्त होण्यात. म्हणजे विद् धातूची पहिली क्रिया घडत होती, दुसरी नव्हती. बेदरकारपणाचे भाष्य ज्या शरीरावर लादले गेले, ते शरीर प्रत्यक्षात नुसते निःशब्द होते.

४

सैलानीच्या दर्ग्याशी संबंधित वाचनव्यवस्था याच्या उलट दिशेने चालते. बाहेरची बाधा उतरवण्यासाठी हे स्थान महाराष्ट्रात आणि शेजारच्या राज्यांत ख्यात आहे. होळीच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेत नारळांची होळी पेटते आणि हिंदू व मुसलमान दोन्ही समाजांतील माणसे तिला जमतात. अनेकजण मनोविकार जडलेल्या नातलगाला बरोबर घेऊन येतात. काही दीर्घकाळ मुक्कामही करतात. अशा स्थानांत आजारी माणसाच्या अंगात येणे, म्हणजे 'हाजरी', हा उपचाराचाच भाग असतो. घुमणे, लोळणे, किंचाळणे यांना येथे मज्जाव नाही. पोथीतील शरीर निश्चल राहून अर्थ देते, तर हाजरीतील शरीर हालचालीतून आणि आकांतातून देते. मात्र आकांत करणारा कोण, याचे उत्तर ठरलेले असते. ओरडते ते झाड, भूत किंवा बला. कोणी मारले तर मार तिला बसतो आणि साखळी तिला पडते.

या वाचनाची उपकारकता नाकारणे अन्यायाचे होईल. सुधीर कक्कर यांच्या 'शामन्स, मिस्टिक्स अँड डॉक्टर्स' (१९८२) या ग्रंथाने दर्गे आणि देवळे यांतील उपचारपद्धतींकडे केवळ अंधश्रद्धा म्हणून पाहण्याच्या सवयीला छेद दिला. फलटणच्या महानुभाव मंदिरातील निरीक्षणांवर आधारलेल्या १९८७ च्या लेखात व्हिएडा स्कुल्टन्स यांनी दाखवले की रुग्णाइतकीच, किंबहुना अधिक वेळा, त्याची आई किंवा पत्नी संचारात जाते आणि घरातल्या माणसाचे दुखणे आपल्यावर यावे अशी तिची धारणा असते. महाराष्ट्रातील दर्ग्यांचा विचार करताना भार्गवी दावर आणि मधुरा लोहोकरे यांनीही २००९ मध्ये या स्थानांतील मानसिक आधाराची बाजू पुढे आणली. वेदना वाटून घेता येते, तिला कौटुंबिक साक्षीदार मिळतो, ही गोष्ट रुग्णालयाच्या वॉर्डात दुर्मीळ आहे.

परंतु वेदनेचा कर्ता बदलला की वेदना देण्यावरचा निर्बंधही सैल होतो. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आश्रयाने चाललेल्या एका निवासस्थानात आग लागली. साखळ्यांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही आणि अठ्ठावीस जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या किंकाळ्या जर रोजच ऐकू येत असतील आणि रोजच दुसऱ्या कोणाच्या मानल्या जात असतील, तर त्या दिवशीच्या किंकाळीचा वेगळा अर्थ कोणी लावायचा? डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर महाराष्ट्रात जो जादूटोणाविरोधी कायदा आला, त्याच्या अनुसूचीतील पहिलीच नोंद या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. भूत उतरवण्याच्या मिषाने दोराने वा साखळीने बांधणे, काठीने वा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, छताला टांगणे, तापवलेल्या वस्तूने चटके देणे अशी कृत्यांची यादी तेथे येते. कायद्याच्या रूक्ष गद्यात ही वेदनेची एक वर्णनसूचीच सिद्ध झाली आहे. भूत आहे की नाही या वादात ती अडकत नाही. दुखणारे शरीर समोरच्या माणसाचे आहे, एवढेच ती गृहीत धरते. स्वामित्वाचा निवाडा कायद्याने अशा प्रकारे रुग्णाच्या बाजूने केला आहे.

५

मग केसपेपर ही व्यवस्था तरी रुग्णाच्या बाजूची आहे काय? तिच्या पहिल्याच रकान्यात 'तक्रार' हा शब्द येतो. मराठीत तो दुखण्यासाठीही चालतो आणि अन्यायाविरुद्धच्या दादीसाठीही. मनोरुग्णाच्या संदर्भात यांपैकी दुसरा अर्थ बळावतो: तो 'तक्रारखोर' ठरतो. वऱ्हाडी बोलणाऱ्या रुग्णाचा ठणका, भगभग किंवा उसण इंग्रजी नोंदीत उतरताना एका सामान्य नामात विरघळते, आणि मनोविकाराची शारीरिक अभिव्यक्ती असा शेरा तिच्यावर बसतो. ज्या शब्दसंपत्तीने दुखण्याची जागा, वेळ आणि जात सांगितली होती, ती कागदावर पोहोचतच नाही. १९८२ मध्ये बौद्धिक अपंगत्वाच्या संदर्भात अमेरिकेत मांडल्या गेलेल्या एका संकल्पनेने या प्रकाराला नाव दिले. मूळ निदानाची छाया इतकी दाट पडते की नंतरचे प्रत्येक लक्षण त्याच छायेत दिसू लागते, असा तिचा आशय आहे. समीक्षेच्या परिभाषेत ही एकाच संहितेच्या अधिसत्तेखाली सर्व विधाने वाचण्याची पद्धत होय.

या पद्धतीची किंमत केवळ तात्त्विक नाही. तीव्र मनोविकार असलेल्या माणसांचे आयुष्य इतरांच्या तुलनेत दहा ते वीस वर्षांनी कमी भरते आणि त्याचे प्रमुख कारण शारीरिक आजार हेच असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिवाय वेदनेचा काही भाग उपचारातूनच निर्माण होतो. मनोविकारावरील काही औषधांनी मान किंवा जबडा वेदनापूर्वक आखडतो. क्लोझापीनसारख्या औषधाने होणारा बद्धकोष्ठ आतडे अडण्याच्या थरापर्यंत जाऊ शकतो. भूल न देता विजेचे झटके दिले जात, तेव्हा आकड्यांच्या जोराने मणके मोडल्याची उदाहरणे घडली. अशा स्थितीत 'पोटात दुखते' हे वाक्य आजाराची खूण, औषधाचा परिणाम, किंवा या दोहोंशी संबंध नसलेला एखादा व्रण यांपैकी काहीही सांगत असू शकते. ते नेमके काय सांगते हे तपासल्याशिवाय कळत नाही, आणि तपासण्यासाठी आधी ते खरे मानावे लागते.

येथे समीक्षकाच्या स्वतःच्या मोहाचाही उल्लेख आवश्यक आहे. समजा, एखादा रुग्ण म्हणाला की पोटात साप आहे. दर्ग्यात ते वाक्य बाधेचा पुरावा ठरेल, वॉर्डात ते भ्रमाचा ठरेल. साहित्याचा अभ्यासक त्यात प्रतिमा पाहील. दडपलेली वासना, कुटुंबातील विष, व्यवस्थेचा विळखा असे अर्थ त्याला सुचतील. तिघांचीही उत्तरे भिन्न असली तरी पोट तपासून पाहण्याची निकड तिघांनाही वाटणार नाही. आजाराचे रूपक करण्याविरुद्ध सूझन सॉन्टॅग यांनी १९७८ मध्ये दिलेला इशारा क्षय आणि कर्करोग यांच्यापुरता होता; वेडाच्या बाबतीत तो अधिकच लागू पडतो. मिशेल फूको यांच्या १९६१ च्या ग्रंथानंतर वेडाकडे विवेकाने गप्प बसवलेला आवाज म्हणून पाहण्याची प्रथा समीक्षेत पडली, आणि त्या आवाजाला असलेल्या शरीराचा विसरही पडला.

आधुनिक मराठी ललित वाङ्मयानेही या विसराला हातभार लावला आहे. जयवंत दळवी यांच्या 'बॅरिस्टर' या नाटकात घराण्यात वाहत आलेले वेड अखेरीस नायकाला गाठते. शोकांतिकेच्या बांधणीत वेड हा शेवट असतो: पडदा तेथे पडतो. परंतु वेड्याच्या शरीराचे आयुष्य तेथूनच सुरू होते. दातांचा ठणका, पायाची सूज, झोपेच्या औषधानंतरचे सकाळचे जड डोके या गोष्टी त्या आयुष्यात येतात, आणि नाट्यमयता नसल्यामुळे रंगभूमीला त्यांचा उपयोग नसतो. 'देवराई' (२००४) या चित्रपटाने स्किझोफ्रेनियाचे अनुभवविश्व आणि कुटुंबाची ओढाताण यांना मराठीत प्रथमच एवढ्या गांभीर्याने स्थान दिले. तेथेही केंद्रस्थानी भास आणि नाती आहेत. मनाला न्याय देण्याच्या प्रयत्नात शरीर पुन्हा मागे राहते. हा कलाकृतींचा दोष म्हणून मांडण्यापेक्षा 'मनोरुग्ण' या सामासिक शब्दाचाच परिणाम मानणे अधिक योग्य होईल. त्या शब्दाने रोगाची जागा आधीच नक्की करून टाकली आहे.

६

या पार्श्वभूमीवर अलीकडच्या दोन संहितांकडे पाहता येईल. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघाने १९७९ मध्ये स्वीकारलेल्या व्याख्येत वेदनेचा संबंध ऊतींच्या इजेशी किंवा तशा इजेच्या शब्दांत केलेल्या वर्णनाशी जोडला होता. म्हणजे वर्णनक्षमता व्याख्येच्या पोटात होती. २०२० च्या सुधारित व्याख्येतून वर्णनाचा उल्लेख गेला. तिच्यासोबतच्या टिपणांत दोन गोष्टी स्पष्ट केल्या आहेत: व्यक्तीने आपला अनुभव वेदना म्हणून सांगितला तर त्याचा आदर व्हावा, आणि सांगता न येणे म्हणजे वेदना नसणे नव्हे. पहिली गोष्ट बोलणाऱ्या रुग्णाला ग्राह्यता परत देते, दुसरी न बोलणाऱ्याच्या मौनावर परका अर्थ लादण्यास मनाई करते. भारतातील २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीने बांधण्यास आणि भूल व स्नायू शिथिल करणारे औषध न देता विजेचे झटके देण्यास बंदी केली. आरोग्यसेवा देताना मनोविकार असलेल्या व्यक्तीला शारीरिक आजाराच्या रुग्णाच्या बरोबरीने वागवले पाहिजे, असेही त्यात म्हटले आहे. कागदावर तरी वेदनेचे स्वामित्व आता तिच्या धन्याकडे आले आहे.

मात्र व्याख्या आणि कायदा वाचनाची सवय आपोआप बदलत नाहीत. बुलढाणा जिल्ह्यातील एखादे कुटुंब आपल्या आजारी माणसाला घेऊन या तिन्ही ठिकाणी जात असेल, तर त्यात त्याला विसंगती वाटण्याचे कारण नाही. पोथी त्या माणसाला प्रतिष्ठा देते आणि त्याची वेदना काढून घेते. दर्गा वेदनेला आवाज व सोबत देतो, पण तिचा धनी बदलतो. रुग्णालयाकडे भूल आहे आणि वेदनाशामकही आहे. पण ती मिळण्याआधी रुग्णाच्या वाक्यावर विश्वास बसावा लागतो, आणि नेमका तोच तेथे दुर्मीळ आहे. तिन्ही वाचने शरीराच्या पलीकडे पाहतात. साहित्यसमीक्षेनेही दीर्घकाळ पलीकडे पाहण्यालाच वाचन मानले. काही वाक्ये मात्र आहेत त्याच अर्थाने घ्यावी लागतात. 'माझे पोट दुखते' हे त्यांपैकी एक आहे, मग ते कोणत्याही वॉर्डातून उच्चारले गेले असो.